‘नको’ दाबलं तरी कुकी पडतेच: टॅग मॅनेजरमधून संमती कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. छत्रपती संभाजीनगरच्या एका हिमरू-पैठणीच्या दुकानाची वेबसाइट आहे, वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर. अजिंठा-वेरूळला आलेले परदेशी पाहुणे दुकानात डोकावतात आणि घरी परतल्यावर साइटवरून शाली-स्टोल मागवतात, म्हणून जर्मनी-फ्रान्सची वर्दळ बरी आहे. मोजणीचे आणि जाहिरातीचे छोटे कोड, म्हणजे टॅग, एका जागेवरून चालवणाऱ्या गूगल टॅग मॅनेजरमध्ये ॲनालिटिक्स, गूगल ॲड्सचं कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेल्या खरेदीची नोंद), मेटा पिक्सेल (फेसबुकच्या जाहिरातींसाठीची मोजणी) आणि मायक्रोसॉफ्टची क्लॅरिटी असे टॅग आहेत. संमतीच्या बॅनरचं प्लगिन बसवलं, त्याचं टेम्प्लेट, म्हणजे टॅगचा तयार साचा, टॅग मॅनेजरमध्येही घातलं. तरी ‘नको’ दाबल्यावर ब्राउझरमध्ये कुकी दिसतात. उलट ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांचीही मोजणी ॲनालिटिक्समध्ये निम्म्यावर आली. आणि शेवटी विचारलं आहे, बॅनर फक्त युरोपातल्यांनाच दाखवला तर भागेल का?

हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकाच वेळी दिसले म्हणून एकच वाटतात. ‘नको’ म्हटल्यावर पडणारी कुकी बहुतेक वेळा टॅग मॅनेजरच्या बाहेरून येते. ‘हो’ म्हटल्यावर हरवणारी मोजणी मात्र टॅग मॅनेजरच्या आतली असते, आणि तिथे घोळ वेळेचा असतो: टॅग आधी विचारतो, संमती मागून पोचते. बॅनर बदलून यातलं काहीच सुटत नाही. बॅनर ही दारावरची पाटी आहे. कडी आतून लावायची असते आणि तुमच्या दाराला कड्या दोन-तीन आहेत.

आधी बाहेरची कडी शोधू. ‘नको’ दाबल्यावर जी कुकी दिसते तिचं नाव बघा. क्रोममध्ये एफ१२, मग ॲप्लिकेशन, मग कुकीज. वूकॉमर्सच्या कार्टच्या आणि सेशनच्या कुकी दिसल्या तर घाबरू नका. त्यांच्याशिवाय पिशवीत टाकलेली शाल पुढच्या पानावर गायब होईल. त्या आवश्यक प्रकारात मोडतात, त्यांना संमती लागत नाही. बॅनरची स्वतःची कुकीही असतेच, ‘नको’ म्हटलेलं कुठेतरी लक्षात ठेवावं लागतं ना. पण ‘अंडरस्कोर जीए’, ‘अंडरस्कोर एफबीपी’ किंवा ‘अंडरस्कोर जीसीएल अंडरस्कोर एयू’ दिसली तर ती अनुक्रमे ॲनालिटिक्स, मेटा आणि गूगल ॲड्सची. पहिलीचं आयुष्य दोन वर्षांचं, बाकी दोघींचं ९० दिवसांचं. या तिघी ‘नको’नंतर असता कामा नयेत.

यात एक चौथी जात लोकांना चकवते. ‘एसबीजेएस’ने सुरू होणाऱ्या पाच-सात कुकी दिसल्या तर त्या टॅग मॅनेजरच्या नाहीत, पिक्सेलच्याही नाहीत, त्या खुद्द वूकॉमर्स टाकतं. ऑर्डर कुठल्या जाहिरातीतून आली हे नोंदवणारी ऑर्डर ॲट्रिब्यूशन नावाची सोय ८.५ या आवृत्तीपासून त्यात आली, तिचं हे काम. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, मग फीचर्स, तिथे ती बंद करता येते. चालूच ठेवायची असेल तर बॅनरचं प्लगिन डब्ल्यूपी कन्सेंट एपीआय (प्लगिनांनी एकमेकांना संमती कळवायची वर्डप्रेसमधली ठरलेली पद्धत) पाळणारं हवं, म्हणजे वूकॉमर्स त्याला विचारून वागतं.

आता मुख्य चाचणी. नवी इनकॉग्निटो खिडकी उघडा, एफ१२ दाबून नेटवर्क टॅबवर जा, साइट लोड करा. यादीत टॅग मॅनेजरची फाइल सापडेल, ‘जीटीएम डॉट जेएस’. तिच्यावर उजवी क्लिक करून ती विनंती ब्लॉक करा. पूर्ण डोमेन ब्लॉक करू नका. ॲनालिटिक्सची ‘जीटॅग’वाली फाइलही त्याच डोमेनवरून येते आणि दोन्ही बंद झाल्या तर चाचणीला अर्थ राहत नाही. मग सगळ्या कुकी पुसा आणि पान पुन्हा लोड करा. टॅग मॅनेजर आता मेलेला आहे. तरी ‘अंडरस्कोर जीए’ किंवा ‘अंडरस्कोर एफबीपी’ परत आली, तर ती दुसऱ्याच कोणीतरी टाकली. संशयित ठरलेले असतात: मेटाचं वूकॉमर्ससाठीचं प्लगिन, गूगलचं साइट किट, थीमच्या हेडरमध्ये कधीकाळी चिकटवलेला कोड, किंवा ‘हेडर-फूटर’ छापाचं एखादं प्लगिन. पानाचा सोर्स उघडून ‘जीटॅग’ (गूगलचा कोड) आणि ‘एफबीक्यू’ (मेटाचा) हे शब्द शोधले की बहुतेकदा चोर हाती लागतो.

सापडला की एकच निर्णय घ्या: प्रत्येक टॅगला एकच वाट. मेटा पिक्सेल टॅग मॅनेजरमधून चालवायचा असेल तर प्लगिनमधला पिक्सेल बंद. मेटाच्या प्लगिनवर कॅटलॉग चालत असेल तर उलटं करा, टॅग मॅनेजरमधला काढा आणि प्लगिनला बॅनरकडून थांबवा. दोन्हीकडे ठेवलं तर एक थांबतो, दुसरा सुटतो, आणि ‘हो’ म्हटल्यावर एकाच ऑर्डरची दोनदा नोंद होते. दुकानदाराला वाटतं जाहिरात जोरात चालली आहे.

दुकानाच्या पानावर हातमागाचा व्हिडिओ किंवा नकाशा असेल तर तेही लक्षात घ्या. पानात थेट बसवलेला यूट्यूब टॅग मॅनेजरच्या ताब्यात येत नाही. व्हिडिओचा पत्ता ‘यूट्यूब-नोकुकी’ डोमेनचा करा, किंवा बॅनरच्या प्लगिनला तो चौकोन संमतीपर्यंत झाकून ठेवायला सांगा.

बाहेरची कडी लागली. आता टॅग मॅनेजरच्या आत जाण्याआधी एक निवड करावी लागते, आणि बहुतेक जण ती न कळतच करून बसतात: गूगलच्या टॅगना संमती कळवायची जी ‘कन्सेंट मोड’ नावाची सोय आहे, ती बेसिक की ॲडव्हान्स्ड.

ॲडव्हान्स्डमध्ये गूगलचे टॅग बॅनरच्या उत्तराची वाट न पाहता लोड होतात. संमती नसेल तर कुकी टाकत नाहीत, पण कुकीविना एक छोटा संकेत गूगलकडे पाठवतात, आणि त्या संकेतांवरून गूगल उरलेल्यांचा अंदाज बांधतं. बेसिकमध्ये ‘हो’ म्हणेपर्यंत टॅग हलतच नाही, काहीही जात नाही. इंटरनेटवरचे बहुतेक धडे ॲडव्हान्स्डच घ्या म्हणतात, कारण ‘गमावलेला डेटा परत मिळतो’. तो अंदाज मिळायला किती वर्दळ लागते ते बघा. ॲनालिटिक्समध्ये नकार असलेल्या किमान १,००० घटना रोज, त्या सलग सात दिवस तरी. शिवाय संमती दिलेले रोजचे किमान १,००० वापरकर्ते, मागच्या २८ पैकी सात दिवस तरी. गूगल ॲड्सच्या अंदाजाला एका देशातून सात दिवसांत ७०० जाहिरात-क्लिक. हिमरूच्या दुकानाला जर्मनीतून आठवड्याला ७०० जाहिरात-क्लिक मिळत असतील तर आनंदच आहे, पण मला तशी आशा नाही. म्हणजे ॲडव्हान्स्डमध्ये ‘नको’ म्हटलेल्या माणसाचा संकेत तर गूगलकडे जातो आणि बदल्यात अंदाजही मिळत नाही. एवढ्या वर्दळीच्या साइटला मी बेसिकच लावतो. समजावून सांगायलाही ते सोपं: ‘नको’ म्हणजे नको, काहीच गेलं नाही.

तुमची वर्दळ खरोखर या आकड्यांच्या वर असेल तर गणित बदलतं आणि मग जर्मनीतल्या ग्राहकांसाठी वकिलाशी बोलून ॲडव्हान्स्डचा विचार करा. जर्मनी या बाबतीत कडक आहे. हानोव्हरच्या प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये टॅग मॅनेजर लोड करायलाच आधी संमती हवी असा निकाल दिला आहे. तो अक्षरशः पाळायचा तर टॅग मॅनेजरचा कोडच बॅनरने अडवावा लागतो. बरीच प्लगिनं ती सोय देतात. खाली मी टॅग मॅनेजर लोड होतो आणि आतले टॅग थांबतात अशी नेहमीची मांडणी धरली आहे.

आता आतली जोडणी. पडद्यावर ही सगळी नावं इंग्रजीत दिसतील, क्रम हाच.

ॲडमिन, कंटेनर सेटिंग्ज, तिथे ‘इनेबल कन्सेंट ओव्हरव्ह्यू’ला टिक. मग टॅग्जच्या यादीत वर ढालीचं चिन्ह येतं. त्यावर क्लिक केलं की कोणत्या टॅगची संमती ठरवली आहे आणि कोणत्याची नाही, हे एका पानावर दिसतं. हे आधी करा, नाहीतर एखादा टॅग हमखास राहून जातो.

मग बॅनरच्या टेम्प्लेटचा टॅग. त्याचा ट्रिगर (टॅग कधी चालायचा हे ठरवणारी अट) ‘कन्सेंट इनिशियलायझेशन – ऑल पेजेस’ हाच हवा, साधा ‘ऑल पेजेस’ नको. टॅग मॅनेजरमध्ये पानाच्या सुरुवातीला तीन थर असतात: आधी कन्सेंट इनिशियलायझेशन, मग इनिशियलायझेशन, मग पेज व्ह्यू. बॅनर तिसऱ्या थरात आणि गूगल टॅग दुसऱ्या थरात, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. तिथे गूगल टॅग विचारतो तेव्हा ‘नाही’ म्हणायला अजून कोणी उभंच नसतं. आणि कोणाचाही नकार नोंदलेला नसला की टॅग मॅनेजर संमती आहे असंच धरतो. ‘नको’ दाबायच्या आधीच कुकी पडलेली असते ती अशी.

या टॅगमध्ये सुरुवातीची स्थिती ठरवायची. ॲड स्टोरेज, ॲड यूजर डेटा, ॲड पर्सनलायझेशन आणि ॲनालिटिक्स स्टोरेज, चारही ‘डिनाइड’. मधली दोन नावं गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवली आणि मार्च २०२४ पासून युरोपातल्या लोकांना त्यांच्या वागण्यावर बेतलेली जाहिरात दाखवायची तर ती पाठवणं सक्तीचं केलं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये दोनच नावं दिसत असतील तर ते जुनं आहे, अपडेट करा. सिक्युरिटी स्टोरेज ‘ग्रँटेड’ राहू द्या. ‘वेट फॉर अपडेट’ला ५०० टाका, ही मिलिसेकंदं आहेत, म्हणजे बॅनरने आधीचं उत्तर शोधून आणेपर्यंत गूगलच्या टॅगनी अर्धा सेकंद दम धरावा.

काही जण ही सुरुवातीची स्थिती ‘कस्टम एचटीएमएल’ टॅगमध्ये लिहितात. तसं करू नका. तो कोड पानावर उतरून रांगेत लागतो आणि त्याचा नंबर येईपर्यंत दुसरे टॅग निघून गेलेले असतात. टेम्प्लेटला टॅग मॅनेजर आतूनच तत्काळ ऐकतो. फरक डोळ्यांना दिसत नाही, कुकीच्या यादीत दिसतो.

आणखी एक. तुमचं प्लगिनही वर्डप्रेसच्या बाजूने स्वतःच ‘कन्सेंट मोड’ पाठवत असेल आणि टेम्प्लेटही पाठवत असेल, तर दोन मालक झाले. प्लगिनच्या सेटिंगमध्ये गूगल कन्सेंट मोडचा खटका असतो. टेम्प्लेट वापरताय तर तो बंद ठेवा, किंवा तो चालू ठेवून टेम्प्लेट काढून टाका.

आता एकेक टॅग उघडायचा. टॅगच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कन्सेंट सेटिंग्ज आहेत. गूगलच्या टॅगना ‘बिल्ट-इन’ तपासणी असते, पण ती ॲडव्हान्स्ड पद्धतीची: कुकी टाकत नाही, संकेत मात्र पाठवते. आपल्याला बेसिक हवं आहे, म्हणून गूगल टॅगवरही ‘रिक्वायर ॲडिशनल कन्सेंट’ निवडून ॲनालिटिक्स स्टोरेज लिहा. गूगल ॲड्सचं कन्व्हर्जन आणि कन्व्हर्जन लिंकर (जाहिरातीवरच्या क्लिकची खूण कुकीत जपणारा टॅग) यांना ॲड स्टोरेज. मेटा पिक्सेलला ॲड स्टोरेज. त्याला बिल्ट-इन काहीच नाही, इथे नाही लिहिलं तर तो सुटणारच. क्लॅरिटीला ॲनालिटिक्स स्टोरेज. क्लॅरिटी माणसाची पानावरची हालचाल नोंदवते, हे दुकानदाराला समजावून सांगा. आणि ती चालू ठेवायची गरज खरंच आहे का, हेही विचारा. रेकॉर्डिंग उघडून बघायला दुकानात कोणाला वेळ नसेल तर टॅग काढून टाकणं हा सगळ्यात सोपा संमतीचा उपाय.

इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. मोजणी निम्म्यावर येते ती याच्या पुढे.

टॅगला ट्रिगर मिळतो, टॅग संमती बघतो, नसली तर थांबतो. आणि तिथेच संपतं. एका सेकंदाने माणसाने ‘हो’ दाबलं तरी तो टॅग आपणहून परत उठत नाही. त्याचा ट्रिगर पुन्हा वाजला तरच उठतो, आणि ‘ऑल पेजेस’ किंवा ‘इनिशियलायझेशन’ एका पानावर एकदाच वाजतो. म्हणजे ज्या पानावर संमती दिली, ते पान हरवलं. जाहिरातीवरून आलेला माणूस पहिल्याच पानावर ‘हो’ म्हणतो; पिक्सेलला नेमकं तेच पान हवं असतं.

याहून वाईट म्हणजे दुसरं पान. टॅग मॅनेजरला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक पानावर तो कोऱ्या पाटीने सुरू होतो, सगळं ‘डिनाइड’. काल ‘हो’ म्हटलेलं बॅनरच्या कुकीत असतं आणि बॅनरने ते प्रत्येक पानावर नव्याने सांगायचं असतं. चांगलं टेम्प्लेट ते पहिल्या थरातच वाचून सांगतं. काही प्लगिनं मात्र आपली स्क्रिप्ट सावकाश लोड झाल्यावर सांगतात, आणि तोवर इनिशियलायझेशन आणि पेज व्ह्यू दोन्ही होऊन गेलेले असतात. मग ‘हो’ म्हटलेला माणूसही प्रत्येक पानावर नकार दिल्यासारखाच धरला जातो. कोणी मोजला जातो, कोणी नाही, हे त्याच्या मोबाइलच्या वेगावर ठरतं. तुमचा ‘निम्मा’ आकडा मला तरी याचाच वाटतो.

हे खरं का ते प्रिव्ह्यूमध्ये दोन मिनिटांत कळतं. टॅग मॅनेजरचा प्रिव्ह्यू चालू करा, साइटवर ‘हो’ दाबा, मग दुसऱ्या पानावर जा. टॅग असिस्टंटच्या खिडकीत डावीकडे त्या पानाच्या पायऱ्या एकाखाली एक दिसतात: कन्सेंट इनिशियलायझेशन, इनिशियलायझेशन, कंटेनर लोडेड, आणि पुढच्या. ‘इनिशियलायझेशन’वर क्लिक करून उजवीकडचा कन्सेंट टॅब उघडा. तिथे प्रत्येक प्रकारासमोर पानाची सुरुवातीची स्थिती, नंतरचा बदल आणि आत्ताची स्थिती असे रकाने आहेत. या पायरीवर आत्ताच्या स्थितीत ‘डिनाइड’ असेल, आणि खाली सरकत दोन-तीन पायऱ्यांनंतर कुठेतरी ‘ग्रँटेड’ होत असेल, तर निदान पक्कं. टॅग वरच्या पायरीवर विचारून परत गेला आणि संमती खालच्या पायरीवर पोचली.

उपाय असा. बहुतेक बॅनर संमती ठरली की डेटा लेयरमध्ये, म्हणजे पान टॅग मॅनेजरला माहिती देतं त्या रांगेत, एक घटना टाकतात. जुनी संमती असेल तर प्रत्येक पानावर, नवी असेल तर बटण दाबल्यावर. तिचं नाव प्रत्येक बॅनरचं वेगळं. प्रिव्ह्यूच्या त्याच डाव्या यादीत ते दिसतं, तिथूनच अक्षर न अक्षर उचला. त्या नावाचा ‘कस्टम इव्हेंट’ ट्रिगर बनवा. तो गूगल टॅगला, पिक्सेलला आणि क्लॅरिटीला जुन्या ट्रिगरसोबत दुसरा म्हणून जोडा. आणि ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधलं ‘टॅग फायरिंग ऑप्शन्स’ बदलून ‘वन्स पर पेज’ करा. आता संमती आधी आली तर टॅग पहिल्या ट्रिगरवर जाईल, उशिरा आली तर दुसऱ्यावर. दोन्ही वाजले तरी एका पानावर एकदाच जाईल. ‘वन्स पर पेज’ विसरलात तर पेज व्ह्यू दुप्पट होतात, आणि निम्म्याची तक्रार दुपटीची होते.

खरेदीच्या नोंदीला हे असं चालत नाही. ‘परचेस’ ही घटना धन्यवादाच्या पानावर लगेच येते. संमती त्यानंतर पोचली तर टॅग थांबलेला राहतो, आणि फक्त संमतीचा ट्रिगर जोडला तर तो खरेदी नसलेल्या पानांवरही वाजेल. इथे ट्रिगर ग्रुप वापरा: एक ट्रिगर परचेसचा, दुसरा संमतीच्या घटनेचा. दोन्ही एकदा तरी वाजले की मगच ग्रुप वाजतो, क्रम कोणताही असो. रक्कम आणि चलन डेटा लेयरच्या व्हेरिएबलमधून घेत असाल तर ती तोवर शिल्लक राहतात. मात्र मध्येच एखादा ‘इकॉमर्स नल’ करणारा, म्हणजे खरेदीची माहिती रिकामी करणारा कोड ती पुसत नाही ना, हे प्रिव्ह्यूमध्ये बघून घ्या.

एवढं करूनही गडबड राहिली तर कॅशिंग प्लगिन (तयार पानं साठवून साइट वेगवान करणारं) उघडा. त्यात ‘डिले जावास्क्रिप्ट’ नावाची सोय असते. माणूस स्क्रीनला हात लावेपर्यंत स्क्रिप्ट थांबवून ठेवते, म्हणजे वेगाच्या चाचणीत गुण चांगले पडतात. ती टॅग मॅनेजर आणि बॅनर दोघांचाही क्रम विस्कटते. दोन्ही स्क्रिप्ट अपवादाच्या यादीत टाका, कॅश पुसा, पुन्हा तपासा.

तपासणी प्रकाशित करण्याआधी प्रिव्ह्यूत आणि नंतर खऱ्या साइटवर, दोन्हीकडे. प्रत्येक वेळी नवी इनकॉग्निटो खिडकी. बॅनरला हात न लावता पान उघडा: ॲनालिटिक्स, मेटा, ॲड्सच्या कुकी शून्य हव्यात, आणि नेटवर्क टॅबमध्ये ‘कलेक्ट’ शोधल्यावर काहीच सापडायला नको. ‘नको’ दाबून दोन-तीन पानं फिरा, तेच दिसलं पाहिजे. मग नव्या खिडकीत ‘हो’ दाबा आणि ‘कलेक्ट’वाल्या विनंतीत ‘जीसीएस’ नावाचं मूल्य बघा. जी१११ म्हणजे जाहिरात आणि मोजणी दोन्हींना होकार. जी१०१ म्हणजे फक्त मोजणीला. जी११० म्हणजे फक्त जाहिरातीला. जी१०० म्हणजे दोन्हींना नकार, आणि बेसिक पद्धतीत ही विनंती दिसणंच चूक: दिसली तर गूगल टॅगवरची जादा अट लागलेली नाही किंवा बाहेरचा कोड अजून जिवंत आहे.

सगळ्यात जास्त राहून जाते ती माघार. संमती मागे घ्यायची वाट, ती दिली त्याच्याइतकीच सोपी हवी. युरोपचा कायदा तसं म्हणतो आणि आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही म्हणतो. म्हणजे फूटरमध्ये कायम दिसणारी ‘कुकीची निवड बदला’ अशी ओळ, तिच्यावरून बॅनर पुन्हा उघडणारी. टॅग मॅनेजर आधीच्या कुकी पुसत नाही, तो फक्त पुढचे टॅग थांबवतो. पुसायचं काम बॅनरचं. ते करतं का हे माघार घेऊन कुकीची यादी बघून तपासा. त्याच पानावर पिक्सेल आधीच लोड झालेला असतो, त्याला मेटाचा ‘रिव्होक’ आदेश द्यावा लागतो, किंवा माघारीनंतर पान आपोआप रीलोड करायचं. रीलोड बरं, सगळेच टॅग एका दमात कोऱ्या पाटीवर येतात.

बॅनरच्या मजकुराबद्दल. ‘हो’ आणि ‘नको’ एकाच आकाराची, एकाच ओळीतली बटणं. ‘नको’ दोन पायऱ्या आत लपवणं फ्रान्समध्ये महागात पडलं आहे. नकार होकाराइतका सोपा नाही म्हणून तिथल्या डेटा नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आधीच टिक केलेले चौकोनही नकोत, युरोपीय न्यायालयाने ते २०१९ मध्येच बाद ठरवले. मराठी मजकूर साधा ठेवा: ‘किती जण येतात हे मोजायला आणि आमच्या जाहिराती दाखवायला आम्ही कुकी वापरू इच्छितो. नको म्हटलं तरी खरेदी करता येईल.’ खाली तीन बटणं, ‘मान्य’, ‘नको’, ‘निवड करा’. ‘आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी’ हे वाक्य कृपा करून टाकू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

आता शेवटचा प्रश्न, फक्त युरोपातल्यांना बॅनर. तांत्रिकदृष्ट्या जमतं, सुरुवातीची स्थिती देशवार देता येते, आणि बॅनरही आयपी पत्त्यावरून दाखवता येतो. पण तुमच्या साइटवर पानाची कॅश आहे. बॅनर सर्व्हरवर ठरत असेल तर पुण्यातल्या माणसासाठी तयार झालेलं बिनबॅनरचं पान म्युनिकच्या ग्राहकालाही मिळू शकतं. आणि घरचा कायदाही आता लांब नाही. आपल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण माणसाची ओळख पटवणारा डिजिटल डेटा त्यात येतो. संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, आणि मराठी त्यात आहे. म्हणून मी बॅनर सगळ्यांना दाखवतो, जोडणी एकच ठेवतो.

तुमच्यासारखंच नांदेडच्या एखाद्या लॉजलाही लागू, कारण गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक इंग्लंड-युरोपातूनही खोल्या शोधतात. लातूरच्या क्लासच्या साइटचं मात्र वेगळं आहे. तिथे फॉर्म भरणारी लेकरं १८ वर्षांखालची असतात, आणि आपला कायदा त्यांच्या माग काढण्याला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करतो. पालकांची पडताळलेली संमती लागते ती वेगळीच. अशा साइटवर पिक्सेल बॅनरमागे ठेवून काम भागत नाही, मी तो प्रवेशाच्या पानांवरून काढूनच टाकायला सांगतो.

कायद्यात ‘कन्सेंट मॅनेजर’ हा शब्द आहे, तो मात्र तुमच्या प्लगिनबद्दल नाही. ती डेटा संरक्षण मंडळाकडे नोंदणी केलेली, किमान दोन कोटी रुपये नक्त मालमत्ता असलेली भारतीय कंपनी. कोणी प्लगिन विकताना ‘कायद्याने लागणारा कन्सेंट मॅनेजर’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की हे सगळं नीट बसल्यावरही ॲनालिटिक्सचा आकडा पूर्वीइतका होणार नाही. पूर्वीच्या आकड्यात ‘नको’ म्हणणारेही मोजले जात होते. विक्रीचा खरा आकडा वूकॉमर्सच्या ऑर्डरच्या यादीत आहे. ॲनालिटिक्समधल्या खरेद्या महिनाभर तिच्याशी ताडून बघा. तफावत बॅनरवरच्या नकाराच्या प्रमाणाइतकीच असेल तर जोडणी बरोबर. त्याहून बरीच जास्त असेल तर परचेसचा ट्रिगर ग्रुप पुन्हा उघडा, आणि दर वेळी एखादं प्लगिन अपडेट झालं की ‘जीटीएम डॉट जेएस’ ब्लॉक करून ती पहिली चाचणी पुन्हा करा. पिक्सेल परत चालू करणारं अपडेट तसं सांगत नाही.